शिवसागर पाहायचा आहे, पण गुडघ्यांचे काय?

प्रश्न : मी सांगलीच्या विश्रामबागेत राहणारा निवृत्त शिक्षक आहे, वय 69. आम्ही सात जण, सगळे साठीच्या पुढचे, यंदा दिवाळीच्या मागेपुढे सातारा जिल्ह्यातील तलाव आणि धरणांचा परिसर पाहायला जायचे म्हणतो. दोघांच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले आहे, एकाला इन्सुलिन घ्यावे लागते आणि माझ्या पत्नीला घाटात हमखास उलटी होते. सर्वांत मोठ्या माझ्या वहिनी, वय 77. त्यांचे माहेरचे गाव कोयना धरणाच्या, म्हणजे शिवसागर जलाशयाच्या, पाण्याखाली गेले तेव्हा त्या दहा-बारा वर्षांच्या होत्या, आणि ते पाणी त्यांनी अजून पाहिलेले नाही. पुतण्याने चार दिवसांचा आराखडा करून दिला आहे. पहिल्या दिवशी सज्जनगड, ठोसेघर आणि कास, दुसऱ्या दिवशी बामणोली आणि वासोटा, तिसऱ्या दिवशी प्रतापगड आणि महाबळेश्वरचे सगळे पॉइंट, चौथ्या दिवशी पाचगणी, वाई करून घरी. हे आम्हाला झेपेल का? मुलांचे म्हणणे आहे, की या वयात हा नाद सोडावा.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

नाद सोडू नये. आराखडा मात्र मुळापासून बदलावा लागेल, आणि तो बदलताना पुतण्याचे मन दुखावणार नाही असे पाहावे, कारण त्याने मनापासून काम केले आहे. त्याने सगळे अंतर किलोमीटरमध्ये मोजले आहे आणि ते बरोबरही आहे. पण आपल्या सात जणांची सहल गाडीतून किती वेळा उतरावे लागेल, किती पायऱ्या चढाव्या लागतील, स्वच्छतागृह किती वेळाने मिळेल आणि जेवणाचे ताट नक्की किती वाजता समोर येईल, या हिशेबावर उभी राहणार आहे. त्या हिशेबाने पाहिले तर त्याच्या यादीतली निम्मी ठिकाणे आपोआप गळतात.

सर्वांत आधी वासोटा किल्ला काढून टाकावा. शिवसागराच्या काठच्या बामणोलीहून तिथे पोहोचायला होडीचाच प्रवास मोठा आहे, त्यानंतर कोयना अभयारण्याच्या दाट रानातून काही तासांची चढण आहे, आणि अंधार पडण्याआधी परत फिरावेच लागते. तरुणांचाही त्यात दिवस मोडतो. सज्जनगडाला गाडी वरपर्यंत जात असली तरी शेवटच्या पायऱ्या चुकत नाहीत, आणि प्रतापगडाचेही तसेच आहे. समर्थांच्या समाधीचे दर्शन राहिले म्हणून कुणाला हुरहूर वाटली, तर परळीच्या बाजूने गाडीतून गडाला नमस्कार करून पायथ्याचे उरमोडी धरणाचे पाणी पाहावे. ठोसेघरचा धबधबा पावसाळ्यातच पाहण्यासारखा असतो. कार्तिकात त्याची धार बारीक झालेली असते, तेव्हा त्यासाठी वेगळी फेरी करू नये.

आता कधी जावे ते सांगते. आपल्याकडे शरदाचे दोन महिने, आश्विन आणि कार्तिक, या सहलीसाठी योग्यच आहेत, पण दोन्ही सारखे नाहीत. आश्विनात ऑक्टोबरचे ऊन तापते, परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो आणि अशा वेळी होडीत असणे बरे नव्हे. कोजागरी ते दिवाळी या दहा-बारा दिवसांत गर्दी कमी असते खरी, पण आभाळाचा भरवसा नसतो. दिवाळीच्या सुट्टीत पाचगणी-महाबळेश्वरला पाऊल ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे दर वाढलेले असतात. म्हणून माझे मत असे आहे, की तुळशीची लग्ने उरकल्यावर, शाळा पुन्हा सुरू झाल्या की, मंगळवार ते शुक्रवार असे चार दिवस ठरवावेत. कासच्या पठारावरची फुले तोपर्यंत संपलेली असतील, हे आधीच मान्य करावे. तेरडा, गेंद, सीतेची आसवे यांचा बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. त्या दिवसांत आगाऊ नोंदणी करावी लागते, माणसांची रीघ असते आणि ओल्या कातळावरून चालावे लागते, जे नव्या गुडघ्यांना मुळीच मानवणारे नाही. फुले गेल्यावर पठारावर गवत सोनेरी होते, आणि ते गाडीच्या खिडकीतूनही मनसोक्त दिसते.

कार्तिकाचा दुसरा फायदा फारसे कुणी सांगत नाही, पण आपल्यासाठी तोच मोठा आहे. पावसाळ्यानंतर धरणे भरलेली असतात आणि पाणी काठाशी उंच आलेले असते. त्यामुळे होडीपर्यंत थोडेच खाली उतरावे लागते. हेच एप्रिल-मे महिन्यांत गेलात तर पाणी खोल सरकलेले असते आणि धक्क्यापासून होडीपर्यंत भेगाळलेल्या, निसरड्या उतारावरून चालत जावे लागते. ज्याला उतरताना गुडघा धरावा लागतो, त्याने भरलेल्या तलावाकडेच जावे.

आपण सांगलीकर आहात, म्हणून या सहलीला एक धागा देते. कोयनेचे नाव आपल्या कानावर दर पावसाळ्यात पडते, पण ते आकड्यांतून पडते: धरणात किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी झाले, किती क्युसेकचा (सेकंदाला घनफूट) विसर्ग सुरू आहे आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पातळी 40 फुटांच्या इशाऱ्याकडे किंवा 45 फुटांच्या धोक्याकडे किती सरकली. ज्या पाण्याच्या काळजीने सांगलीच्या माणसाने रात्री जागून काढल्या, ते पाणी शांत असताना कसे दिसते, हे त्याने एकदा तरी डोळ्यांनी पाहावे असे मला मनापासून वाटते. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, बरेच अंतर उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिच्यावर 1960च्या दशकात बांधून पूर्ण झालेल्या धरणामागे सुमारे 105 टीएमसी क्षमतेचा जो जलाशय पसरला आहे, तोच शिवसागर. तेव्हा ठिकाणे जमवण्यापेक्षा या दोन नद्यांच्या मागे जावे, म्हणजे काय ठेवायचे आणि काय सोडायचे हा प्रश्न सोपा होतो.

जाताना आगगाडीने जावे. कोयना एक्स्प्रेस आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या सांगलीहून साताऱ्याला जातात. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत 2020पासून बंद असली तरी डब्यात पाय मोकळे करता येतात आणि स्वच्छतागृह हाताशी असते, याची किंमत आपल्या वयाला कळते. साताऱ्याचे स्टेशन गावाबाहेर, माहुलीच्या बाजूला आहे. तिथे भाड्याची गाडी आधी बोलावून ठेवावी. (एसटीने जायचे असेल तर 75 वर्षांवरील प्रवाशांना तिकीट लागत नाही आणि 65 ते 75 या वयात निम्मे लागते, त्यासाठी आधारकार्ड जवळ असू द्यावे.) पहिला दिवस साताऱ्यात पोहोचणे, जेवणे, झोपणे आणि संध्याकाळी थोडे फिरणे एवढाच असू द्यावा. त्या दिवशी आणखी काही पाहण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नये, कारण पहिल्या दिवशीचा शीण पुढचे तीन दिवस अंगात राहतो.

साताऱ्यात एकाच ठिकाणी दोन रात्री मुक्काम करावा. रोज सामान बांधणे आणि सोडणे यातच वयस्कर माणसांची निम्मी शक्ती जाते, गोळ्यांच्या डब्या विसरतात आणि रात्री अनोळखी न्हाणीघरात धडपडण्याची भीती रोज नव्याने उभी राहते. खोली ठरवताना फोनवर तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: तळमजला किंवा लिफ्ट आहे का, कमोड आहे का, आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याची उंची किती. तिसरा प्रश्न ऐकून समोरचा माणूस गोंधळेल, तरी विचारावा.

दुसरा दिवस शिवसागराचा. सकाळी आठच्या सुमारास निघून यवतेश्वरच्या घाटाने कासला जावे. कासचा तलाव सातारा शहराला पाणी पुरवतो; तिथे फारसे चालावे लागत नाही, तेव्हा काठच्या झाडांखाली सतरंजी आणि घडीच्या खुर्च्या टाकून घरून आणलेला चहा घ्यावा. घाई करू नये. तिथून उतरून बामणोलीला जावे. तिथल्या बोट क्लबच्या होडीचे भाडे कोणत्या फेरीला किती, हे आधी विचारून घ्यावे आणि आपल्याला वासोट्याची फेरी नको, नुसते तास-दीड तास पाण्यावर हिंडायचे आहे, हे स्पष्ट सांगावे. त्रिवेणी संगमाच्या बाजूची फेरी पुरेशी होते. तिथे कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचे पाणी एकत्र येते.

होडीत चढणे हा सगळ्या सहलीतला अवघड क्षण आहे, म्हणून तो जरा सविस्तर लिहिते. काही वर्षांपूर्वी, कार्तिकातच, मी माझ्या मावशीला बामणोलीला घेऊन गेले होते. तिचे वय तेव्हा 74 होते. होडीचा काठ धक्क्यापासून हातभर खाली होता आणि पाण्याच्या हिंदकळण्याबरोबर वरखाली होत होता. मावशीने पाय पुढे टाकला, काठ खाली गेला आणि तिने पाय मागे घेतला. असे तीनदा झाले. तिच्या कपाळावर घाम आला आणि ‘तुम्ही जाऊन या, मी बसते इथेच’ हे वाक्य तिच्या ओठांवर आले. तेव्हा नावाडी म्हणाला, ‘आजी, पाय टाकू नका, आधी खाली बसा.’ त्याने तिला धक्क्याच्या कडेवरच बसवले, दोरी ओढून होडी घट्ट टेकवली आणि बसल्या बसल्या दोन्ही पाय आत सोडायला सांगितले. पायांखाली आम्ही घरून नेलेले स्टूल ठेवले. मग त्याने मनगट न ओढता काखेत आणि कोपराला आधार दिला आणि मावशी अलगद आत गेली. तुम्हीही असेच करावे, आणि लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालून, बंद आवळून मगच होडीकडे वळावे.

ते स्टूल म्हणजे न्हाणीघरात असते तसे प्लॅस्टिकचे, बुटके, रुंद पायांचे. ते या सहलीत सगळ्यात उपयोगी पडते. टेम्पो ट्रॅव्हलरची पायरी उंच असते, तिच्याखाली ते ठेवता येते. रस्त्याच्या कडेला पाय टेकवून बसायला आणि बुटांची नाडी बांधायलाही चालते. ज्यांच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आहे त्यांना त्यांच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलेच असेल, तरी पुन्हा लिहिते: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

पाण्यावर वारा असतो, म्हणून मफलर किंवा कानटोपी घ्यावी. ऊन पाण्यावरून डोळ्यांत परावर्तित होते, म्हणून मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यांनी गडद चष्मा विसरू नये. आणि एक विनंती नावाड्याला आवर्जून करावी. जलाशयाच्या मध्यावर गेल्यावर पाच मिनिटे इंजिन बंद ठेवायला सांगावे. इंजिनाच्या घरघरीत शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही, मग शिवसागराची शांतता कुठून ऐकू येणार?

परतीला चारच्या आत निघावे. कार्तिकात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, डोंगरांच्या कुशीत तर त्याआधीच सावल्या पडतात, आणि अंधारात घाट उतरण्याचे काही कारण नाही.

तिसऱ्या दिवशी कृष्णेकडे वळावे. वाईच्या घाटावर ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे, तिथून तीन-चार किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा नदीचा घाट पाहावा. त्या घाटावरच्या देवळातली मोठी घंटा 1739च्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आलेली आहे. घाटाच्या पायऱ्या खाली उतरण्याची गरज नाही, वरच्या पायरीवर बसूनही नदी पूर्ण दिसते. पुढे धोम धरणाचे पाणी, आणि मुक्काम पाचगणीला. पसरणीचा घाट दुपारी जेवणानंतर लगेच चढू नये. आपल्या पत्नीने पुढच्या आसनावर बसावे, नजर दूरच्या वळणावर ठेवावी, मोबाइल पाहू नये आणि पोट फार भरलेले किंवा अगदी रिकामे नसावे. उलटीची गोळी घाट लागण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, पण त्या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्यातल्या काही चालत नाहीत. म्हणून ती एकीची गोळी दुसऱ्याने मागून घेऊ नये आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीच घेऊ नये.

चौथ्या दिवशी सकाळी महाबळेश्वरला जावे, मात्र पॉइंट मोजायला जाऊ नये. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचे उगम मानले जातात. जी नदी सांगलीच्या घाटावर एवढे मोठे पात्र घेऊन येते, ती तिथे दगडी गोमुखातून पडते. ओंजळभर पाणी घ्यावे. मग वेण्णा तलावाच्या काठी अर्धा तास बसावे. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी 1842मध्ये तो बांधून घेतला. तिथल्या वल्ह्याच्या होड्या बुटक्या आणि डुगडुगत्या असतात, त्यांत बसण्याचा आग्रह धरू नये. माकडांपासून खाऊ आणि चष्मे सांभाळावेत. अकराच्या आत केळघर, मेढा या रस्त्याने खाली निघावे, म्हणजे वाटेत कण्हेर धरणाचे पाणीही दिसते. साताऱ्यात जेवून त्याच गाडीने सांगलीला यावे. एकेरी प्रवासाला गाडीवाला परतीचे भाडे लावील, ते द्यावे, कारण त्यामुळे वाटेत कऱ्हाडला उतरून प्रीतिसंगमावर चहा घेता येईल. महाबळेश्वरला एकमेकींपासून दूर गेलेल्या दोन्ही नद्या तिथे समोरासमोर येऊन मिळताना दिसतात.

औषधांबद्दल थोडे लिहिते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ताट प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय जेवणाआधीचे इंजेक्शन घेऊ नये. बामणोलीला जेवण सांगून ठेवले तर गरम भाकरी-पिठले मिळते, पण ‘दहा मिनिटांत देतो’ म्हणता म्हणता पाऊण तास होऊ शकतो, आणि तेवढ्या वेळात साखर उतरली तर फजिती होते. खिशात ग्लुकोज आणि राजगिऱ्याचा लाडू असावाच. इन्सुलिन उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नये आणि बर्फालाही थेट चिकटू देऊ नये. कापडात गुंडाळून तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये ते चांगले राहते. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांची प्रवासात फार कुचंबणा होते, आणि मग ते गुपचूप गोळी बुडवतात किंवा पाणी पिणे सोडतात. दोन्ही चूक आहे. त्या दिवशी गोळीची वेळ पुढे-मागे करता येईल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. प्रत्येकाने आपल्या औषधांची, आजारांची आणि घरच्या फोन नंबरांची चिठ्ठी खिशात ठेवावी, कारण खोऱ्यात मोबाइलला रेंज असेलच असे नाही. रोख पैसेही त्यासाठीच जवळ हवेत.

आता वहिनींविषयी. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की काठची जुनी जमीन उघडी पडते, त्यामुळे त्यांना कुणी ‘मे महिन्यात या’ असे सांगेल. ऊन, उतार आणि त्यांचे वय पाहता मी तो सल्ला देणार नाही. कार्तिकात त्यांना पाण्याखेरीज काही दिसणार नाही, याची कल्पना मात्र त्यांना निघण्याआधीच द्यावी, म्हणजे होडीत बसल्यावर डोळे काहीतरी शोधत राहणार नाहीत. धरणासाठी ज्यांची गावे उठली, त्यांतली पुष्कळ माणसे लांब लांबच्या जिल्ह्यांत नव्याने वसली, आणि त्या वेळी लहान असलेल्या मुलींना तर कुणी काही विचारलेही नाही. त्या दिवशी त्या बोलल्या तर ऐकावे, गप्प राहिल्या तर फोटोसाठी हसायला सांगू नये. त्यांना ओटी भरायची असेल तर खण-नारळाची तयारी घरूनच करावी; पाण्यात फक्त नारळ आणि फुले सोडावीत, खण घरी परत आणावा.

निघण्याआधी एक काम त्यांच्याकडून आठवणीने करून घ्यावे. आपल्या गावाचे नाव, शेजारच्या दोन-तीन गावांची नावे, ग्रामदैवताचे नाव आणि घराजवळच्या ओढ्याचे नाव त्यांना आठवेल तसे मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून ठेवायला सांगावे. बामणोलीच्या धक्क्यावर पोहोचलात, की तिकीट काढण्यापूर्वी तो कागद तिथल्या वयस्कर माणसांना दाखवावा. आताच्या नावाड्याला कदाचित ती नावे ठाऊक नसतील, पण त्याच्या वडिलांना किंवा आजीला ठाऊक असू शकतात, आणि गाव कोणत्या डोंगराच्या समोर होते एवढे जरी कुणी सांगितले तरी होडी कुठे थांबवायची ते ठरेल.